पाहुणे अजून जेवले नाहीत

मु. माळेवाडी, पो. जळकोट
मंगळवार, १५ फेब्रुवारी १९८३

चि. शिवकांता,

आशीर्वाद. इकडं सगळं बरं आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आता खरं वाच.

तुझ्या अप्पांना माणसं दिसून राहिलीत. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढं होते. वसरीतून यांनी आवाज दिला, "अगं, पाय धुवायला पाणी आण, अय्या आलेत." आपल्या घरी जंगम अय्या आला की आधी त्याचे पाय धुवायचे, त्याला जेवू घालायचं, मग घरधन्यानं पानावर बसायचं. हे तुला सांगायला नको. तांब्या घेऊन गेले तर वसरीत कोण? घोंगडी अंथरलेली आणि तिच्यापुढं हे हात जोडून बसलेले. मी म्हटलं, "कुठायत अय्या?" तर मीच आंधळी असल्यागत माझ्याकडं बघितलं. "सातजण हायत. हळू बोल."

सातजण. भगवी कफनी, कपाळाला भस्म, एकाच्या पायात चप्पल न्हाई म्हणे. बोलत न्हाईत, हसत न्हाईत, भिंतीला टेकून नुसते बसतात. त्या भिंतीला तुराट्यांचा भारा उभा होता. मला वाटलं, त्याचंच काही दिसलं असंल. भारा उचलून परसात टाकला. तर म्हणतात, "त्यांना उन्हात का बसवलंस?"

डोकं फिरलं म्हणावं तर तसंही न्हाई. काल सकाळी शेजारच्या तारामतीची गाय कधी व्यायची ते बोटावर मोजून बरोबर सांगितलं. दुपारी मलाच विचारलं, हे घर कुणाचं.

बाकी उजवा हात कापतो. चालणं पावलाला पाऊल लावून, नव्या नवरीगत. झोपेत लाथा मारतात त्याला दहा वर्षं झाली. रझाकाराच्या दिवसांत रानात लपले होते, ते अजून झोपेत पळून राहिलेत असं मी धरून चालले. हे सगळं म्हातारपण, लिहिण्यासारखं न्हाई. पण तू नर्सचं शिकतेस, तर हे सात कोण ते तुझ्या पुस्तकात बघ आणि लिही. माझ्या लेकाला, तुझ्या बापाला, लातूरला कळवलं न्हाई. नवा जिल्हा झाल्यापासून त्याच्या कचेरीत इतकी कपाटं आलीत म्हणे, की त्याला घरचं माणूस दिसत न्हाई.

मल्लम्मा

&nbsp;

नांदेड
२४ फेब्रुवारी १९८३

ती. अव्वास,

शिवकांताचे अनेक शरणार्थ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस अभ्यासात लक्ष लागलं नाही. पुस्तकात बघितलं. नसलेलं दिसणं याला भ्रम म्हणतात. तो वेडात होतो, मोठ्या तापात होतो, दारू सुटल्यावर होतो. अप्पांना यातलं काहीच नाही, म्हणून मला जास्त भीती वाटते.

तू त्यांच्याशी भांडत असशील, मला माहीत आहे. भांडू नकोस. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच दिसतं. आणि एक विचारायचं आहे. अप्पा जेवतात ना? तू सगळं लिहिलंस, जेवणाचं काहीच लिहिलं नाहीस.

त्यांना इकडे घेऊन ये. लोह्याला गाडी बदलावी लागते, पण दुपारपर्यंत पोचाल. मी स्टँडवर येते.

तुझी,
शिवकांता

&nbsp;

माळेवाडी
रविवार, ६ मार्च १९८३

चि. शिवकांता,

पत्र मिळालं, पण उस्मानाबादचं पाणी पिऊन आलं. अगं, आपला जिल्हा लातूर होऊन सहा महिने उलटले. तुझ्या बापाला कळलं तर जेवायचा न्हाई.

आणि जेवणाचं विचारलंस. हाव, लपवलं होतं. जेवत न्हाईत. सात ताटं मांडायला लावतात, वाढायला लावतात आणि पुढं बसून राहतात. अय्या अन्नाला हात लावत न्हाईत. लावतील कुठून? "पाहुणे उपाशी बसलेत आणि मी कसा बसू?" दुपार टळते, भाकरीचा पापड होतो, मग ते सगळं गाईला. वीस-बावीस दिवस झाले, म्हातारा ताकावर आहे. धोतराची गाठ मीच दोनदा आवळली. बरगड्या मोजून घ्याव्यात.

काय करायचं ठेवलं न्हाई. "जेवून उठले ते," असं सांगितलं. "मला डोळे हायत," म्हणाले. एक दिवस टाळकं सटकलं, झाडू घेतला आणि त्या भिंतीवर इकडून तिकडं हाणला. तर दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत आणि ताकही बंद. तू भांडू नको लिहिलंस ते उशिरा आलं.

गावात खबर गेलीच. सरपंच हणमंतराव आले, टोपी काढून घोंगडीपुढं डोकं टेकवलं. "अम्मा, रेवणप्पाला साक्षात्कार झाला. त्यांना विचारा की पाऊस कधी."

मी म्हटलं, "सरपंच, तुम्ही डोकं टेकवलं तिथं काल मांजर व्यालं."

तरी लोक येतात. विहिरी तळाला गेल्या, सगळं गाव रोजगार हमीच्या खडीवर, आणि सांजच्याला हात धुऊन आमच्या वसरीत. कुणी गुळाचा खडा आणतं, कुणी पसाभर ज्वारी. सात नसलेल्या माणसांना खायला येऊन राहिलंय आणि जो आहे तो वाळून राहिलाय.

मी त्यांना हाकलत न्हाई. का ते ऐक. उदगीरची मंडळी तुझ्यासाठी विचारून राहिलीत. आजा वेडा म्हटलं की ती सोयरीक बसल्या जागी मोडली. आजा साधू म्हटलं तर चालतंय.

नांदेडला आणायचं कसं? घरात पाहुणे बसलेले टाकून घरधनी गावाला जातो का? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत न्हाईत. दवा तूच पाठव. लवकर पाठव.

मल्लम्मा

&nbsp;

नांदेड
१४ मार्च १९८३

ती. अव्वास,

शरणार्थ. गोळ्या मिळवल्या. तारामतीकाकूंची लेक इथल्या दवाखान्यात बाळंतपण आटोपून उद्या माळेवाडीला परत जाते आहे, तिच्याजवळ पुडी आणि हे पत्र देते. रोज संध्याकाळी एक, ताकात विरघळवून. एकच. डॉक्टर काय म्हणाले ते भेटल्यावर सांगेन.

आणि माझ्या सोयरिकीसाठी अप्पांना साधू करू नकोस. मला ते ऐकवत नाही.

शिवकांता

&nbsp;

माळेवाडी
शुक्रवार, २५ मार्च १९८३

चि. शिवकांता,

तुझ्या डॉक्टरला माझा आशीर्वाद कळव. तिसऱ्या दिवशी चार अय्या उठून गेले. पाचव्या दिवशी एकच उरला, तो बिनचपलेचा. त्या दिवशी हे आपण होऊन पाटावर बसले आणि बेसनासंगं दोन भाकरी खाल्ल्या. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. चुलीचा धूर लई झाला होता.

तो एक काही जाईना. यांनी परत ताट त्याच्याकडं सरकवायला सुरुवात केली. म्हटलं, एका गोळीनं सहा गेले तर दुसरीनं सातवा जाईलच. परवापासून दोन देऊन राहिले. आज तोही गेला. वसरी मोकळी झाली.

आता गप्प असतात. तोंडावर माशी बसली तरी हात उचलत न्हाईत, मी उडवते. लाळ गळते ती पुसते. सकाळी उठायला जरा जड जातं. तसे हे कधी बोलके नव्हतेच. सरपंच आले होते पाऊस विचारायला. म्हटलं, साधू रजेवर गेलाय.

पुडीत सोळा गोळ्या उरल्या. अजून पाठव.

मल्लम्मा

&nbsp;

नांदेड
२९ मार्च १९८३

अव्वा,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी गोळ्या बंद कर. दोन नाही, एक नाही, अर्धीही नाही.

आज आमच्या वर्गावर बाहेरून येणारे एक म्हातारे डॉक्टर कंपवात शिकवत होते. हात कापतो, पाऊल आखूड होतं, चेहरा थिजतो. तुझं पत्र माझ्या वहीत होतं. तास संपल्यावर त्यांच्या मागे धावले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, कापणारा हात आणि नसलेली माणसं, दोन्ही एकाच म्हाताऱ्यात असली तर भ्रमाची ही गोळी विषासारखी लागते. आधी वाटतं की गुण आला. मग अंगाचं लाकूड होतं, गिळता येत नाही, ताप चढतो. त्यातून काही उठतात. काही उठत नाहीत.

हाताचं आणि पावलांचं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी ते म्हातारपण म्हणून सोडून दिलं. डॉक्टरांना सांगितलंच नाही.

अजून एक सांगते, मग तुला काय म्हणायचं ते म्हण. गोळ्या देणारे डॉक्टर खाजगी दवाखान्यातले. ते म्हणाले होते, पेशंट आणा, बघितल्याशिवाय देत नाही. मी खोटं बोलले. आजोबा कुऱ्हाड घेऊन अंगावर धावतात, गाडीत बसवता येत नाही, असं सांगितलं. अप्पांनी आयुष्यात कुणाला "अरे" म्हटलं नाही आणि मी त्यांच्या हातात कुऱ्हाड दिली. मेट्रनबाईंना हे आजच कळलं. परीक्षा होईपर्यंत माझी रजा बंद आहे, नाहीतर आत्ता निघाले असते.

तार करणार होते. पण तार आली म्हटलं की गल्लीतल्या बाया वाचायच्या आधी रडायला बसतात, आणि अप्पांसमोर ते नको. म्हणून पत्र. बाबांनाही लिहिलं आहे.

गोळ्या बंद कर.

शिवकांता

&nbsp;

माळेवाडी
रविवार, १० एप्रिल १९८३

शिवकांता,

तुझं पत्र काल मिळालं. अकरा दिवसांनी. पाकिटावर परत जिल्हा उस्मानाबाद. घाईत हात जुन्याच वाटेनं गेला असंल.

गोळ्या मी एक तारखेला बंद केल्या. शहाणपणानं न्हाई, गोळी गिळली जाईना म्हणून. ताक तोंडात घातलं की कडेनं बाहेर येतं. उठवायला गेले तर फळी उचलल्यागत अख्खे उठतात, कंबरेत मोडत न्हाईत. अंग तव्यागत तापलेलं. डोळे उघडे आहेत, पण बघतात कुठं ते कळत न्हाई. कापसाचा बोळा भिजवून ओठाला लावते. तुझा बाप सरकारी डॉक्टर घेऊन आला, दोन बाटल्या सलाईन लावलं, गेला. परत येतो म्हणाला.

गावाचं म्हणणं, रेवणप्पाला समाधी लागली. हणमंतराव काल नारळ घेऊन आले आणि परसात पावलं टाकून जागा बघायला लागले. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, पण ती मेल्यावर. मी विळा घेऊन दारात गेले. "सरपंच, खड्डा मोजायचाच असंल तर आधी तुमच्या मापाचा मोजा." नारळ तिथंच टाकून गेले.

खोटं तू बोललीस, दोन गोळ्या मी दिल्या. वाटणी करत बसायला मला वेळ न्हाई. पुढं काय करायचं ते लिही. आणि जिल्हा लातूर लिही.

मल्लम्मा

&nbsp;

नांदेड
१६ एप्रिल १९८३

ती. अव्वास,

पत्त्यावर लातूर तीनदा वाचून मग पाकीट बंद केलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांना परत भेटले. पाणी पाजताना अप्पांना टेकवून बसतं कर, चमच्याने, थेंबाथेंबाने. दर दोन-तीन तासांनी कूस बदल. ताप उतरला तर अंग हळूहळू सुटेल, महिना लागेल.

हे काय आहे तेही विचारलं. म्हणाले, डोळे शाबूत आहेत. डोळ्यांनी आणलेलं ओळखायचं काम मेंदूत जिथे होतं, तिथे झीज झाली आहे. भिंत दिसते, पण मेंदूला ती पुरत नाही. मग तो आपल्याजवळचं काहीतरी तिथे बसवतो. कुणाला लहान मुलं दिसतात, कुणाला जनावरं. ज्याच्या मनात आयुष्यभर जे ठाण मांडून असतं ते. सकाळी तल्लख आणि दुपारी धुकट, हेही त्यातलंच. झोपेतल्या लाथासुद्धा. अव्वा, ते रझाकार नव्हते. दहा वर्षांपूर्वीच हे सुरू झालं होतं.

यावर दवा नाही. त्यांनी अजून एक सांगितलं, लिहू की नको असं झालं. पुढे पुढे समोरचं आपलं माणूस दुसरंच कुणी वाटू शकतं. तूसुद्धा.

माझी परीक्षा २८ मेला संपते. तोपर्यंत दर आठवड्याला एक ओळ तरी टाक.

शिवकांता

&nbsp;

माळेवाडी
मंगळवार, २४ मे १९८३

चि. शिवकांता,

तुझी चार कार्डं आली, मी एकाला उत्तर दिलं न्हाई. तुझ्या बापानं तुला "बरे आहेत" एवढं लिहिलं. त्याचं बरं आणि माझं बरं वेगळं आहे, म्हणून आज बसले.

ताप उतरला. चैत्रातच आधी अंगठा हलला, मग मनगट. मग एका सकाळी मान वळवून भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, "पाणी आण. अय्या उभे हायत." पोरी, मी पळत जाऊन घोंगडी झटकून अंथरली. ज्यांच्यावर झाडू हाणला होता त्या सातजणांना मी या बसा म्हटलं. ते आले म्हणजे हे परत आले.

पण परत तेच. ताटं मांडलेली, पाहुणे उपाशी, आणि हाडाचा सापळा हात जोडून पुढं. तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी मी आठवं ताट वाढलं, त्या रांगेत जाऊन बसले आणि भाकरी मोडली. लग्नाला बावन्न वर्षं झाली, यांच्या आधी मी घास घेतलेला न्हाई. दुखण्यात न्हाई, बाळंतपणात न्हाई. पहिला घास तोंडात घातला. पाण्यानं ढकलला. हे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतात. तर म्हणाले, "सावकाश होऊ द्या, माय. कोण गावच्या?"

तुझ्या डॉक्टरचं बोलणं मला ठाऊक होतं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. म्हटलं, "इस्लापूरची." माझं माहेर, खोटं काय बोलले?

"आमची घरची पण तिकडलीच," म्हणाले. मग रांगेवरून नजर फिरवली. मी जेवले तसे सगळेच जेवून राहिलेत असं त्यांना दिसलं असावं. पाट ओढला आणि बसले. दीड भाकरी.

तेव्हापासून मी पाहुणी. रोज आधी मी जेवते, मग ते. "घरचं माणूस कुठं गेलं?" विचारतात. "पाण्याला गेली," म्हणते. यंदा पाण्याला जाऊन दोन दोन तास लागतात, म्हणून पटतं.

परवा जवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, "माय, एक सांगतो, आमच्या हिच्यापाशी बोलू नका. हे अय्या मला कधी दिसतात, कधी दिसत न्हाईत. माझं डोकं सरळ न्हाई, मला कळतंय. तिची जीभ लई तिखट हाय, पण ती भिऊन जाईल." मी म्हटलं, "न्हाई सांगत." बावन्न वर्षांत मनातलं एवढं माझ्याशी कधी बोलले न्हाईत. परक्या बाईशी बोलले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. जेवलेले पाहुणे उठतात, आणि उठलेल्या पाहुण्याला पोचवायला जावं लागतं. पहिल्या दिवशी दारापर्यंत गेले. मग वेशीपर्यंत. गेल्या आठवड्यापासून पाझर तलावापर्यंत जातात, मी डोक्यावर पदर घेऊन मागं. तळ्यात थेंब न्हाई. पाय जाईल एवढ्या भेगा. हे काठाला थांबतात, चपला काढून हातात घेतात, धोतर गुडघ्याच्या वर खोचतात आणि उतरतात. "सांभाळून या, माय, पाणी गुडघाभर हाय." मधोमध जाऊन पलीकडच्या काठाला हात जोडतात आणि माघारी फिरतात. काल फिरताना म्हणाले, "आज छातीला लागलं पाणी. रोज माघारी तरी कशाला यायचं? एक दिवस मी पण त्यांच्यासंगं पलीकडं जाईन म्हणतो."

एक दिवस कडी लावून बघितलं. "पाहुण्यांना कोंडलं," म्हणून दोन दिवस अन्न सोडलं. पोचवलं तर जेवतात, न पोचवलं तर न्हाई. आत्ता तळं कोरडं आहे, म्हणून मी काठावर बसून बघते. मृग पंधरा दिवसांवर आला. तळं भरलं की यांना धरून ठेवायला माझ्या हातात जोर न्हाई, आणि बांधून ठेवायला मन न्हाई.

काल सोमवारी गावानं महादेव पाण्यात बुडवायचं ठरवलं. पाऊस यावा म्हणून घरटी एक घागर, पिंड बुडेपर्यंत गाभारा भरायचा. विहिरीवर नंबर लावून मीही घागर भरली. तारामती पुढं, मी मागं. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले. तारामतीनं ओतली, मागून येणाऱ्यांनी ओतल्या. मी माझी तशीच कमरेवर घेऊन वळले.

"अम्मा, ओतायचं राहिलं की तुमचं!" तारामती म्हणाली.

"हात भरून आला," म्हटलं.

पिंड बुडायला दोन बोटं पाणी कमी पडलं. लोक बोलून राहिलेत की गावात कुणाचं तरी मन साफ न्हाई. बोलू देत.

घागर घेऊन दारात आले तर हे वसरीत उभे. माझ्याकडं बघून म्हणाले, "किती उशीर लावलास गं." त्याच पाण्यानं यांना आंघोळ घातली. आंघोळ होईपर्यंत मी घरची होते. ताट मांडलं तशी परत पाहुणी.

परीक्षा संपली की त्याच दिवशी निघ, मृगाच्या आत ये. उदगीरच्या मंडळींना काय कळायचं ते कळू दे. घरात आलीस की मला अव्वा म्हणू नको, त्यांना अप्पा म्हणू नको. पाय धुवून रांगेत बस आणि ताट पुढं आलं की कशासाठी थांबू नको. आधी तू जेव.

मल्लम्मा